'दोन ते चार' म्हणजे नेमके किती वाजता? – घरपोच किराण्याच्या वेळेचे गणित



'वेळ' हा घटक आपण गणितात शिकवतो, मराठीत 'वेळेचे महत्त्व' हा निबंध लिहून घेतो आणि नागरिकशास्त्रात ग्राहकाचे हक्क सांगतो. हे तिन्ही विषय एकाच ठिकाणी भेटतील असे उदाहरण हवे असेल तर लांब जायला नको. मोबाइलवर मागवलेला महिन्याचा किराणा घ्या. धायरीसारख्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हा अनुभव घेतलेला असतो. 'दुपारी २ ते ४' असा निरोप येतो. त्या वेळेसाठी माणूस घरी थांबतो. पाच वाजतात, सहा वाजतात. फोन केला तर 'निघालेय, येईलच' एवढेच उत्तर! घरात एकटे आजी-आजोबा असतील तर त्यांची दुपारची झोप जाते, नोकरी करणाऱ्या ताईंची अर्धी रजा जाते. मग सगळा राग निघतो तो दारात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या मुलावर. आणि आपली मुले हे सगळे बघत असतात!

म्हणूनच उशीर नेमका कुठे होतो आणि दाद कुठे मागायची, हे मुलांना समजावून सांगणे गरजेचे आहे.

दोन वेगळ्या पद्धती

आधी एक गोंधळ दूर करू. घरपोच सेवेचे साधारण दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार मोठ्या यादीचा. गोदामात किंवा सुपरमार्केटमध्ये आपली यादी बघून एकेक वस्तू काढतात, पिशव्या भरतात आणि टेंपोतून एका फेरीत अनेक घरांना पोहोचवतात. इथे आपल्याला नेमकी वेळ नाही, तर दोन-तीन तासांचा 'स्लॉट' मिळतो.

दुसरा प्रकार झटपट सेवेचा. वस्तीच्या जवळच एक छोटे गोदाम असते. तिथे ग्राहक जात नाही, माल फक्त दुचाकीवरून बाहेर पडतो. यादी छोटी, अंतर कमी, म्हणून वेळ कमी. ग्रोफर्स कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये आपले नाव बदलून ब्लिंकिट केले ते याच झटपटपणावर भर देण्यासाठी. झेप्टो, इन्स्टामार्ट याच वाटेने गेल्या.

या दुसऱ्या प्रकारामुळे आपल्या अपेक्षा बदलल्या. दूध दहा मिनिटांत येते, मग तांदूळ-डाळ-तेलाला एवढा वेळ का? असे वाटणे साहजिक आहे. पण एका दुचाकीने एका घरी जाणे आणि एका टेंपोने आठ घरी जाणे ही दोन वेगळी गणिते आहेत.

पाच मिनिटांचे गणित

हे उदाहरण सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून घ्या. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एक टेंपो. चार स्लॉट: १२ ते २, २ ते ४, ४ ते ६, ६ ते ८. प्रत्येक स्लॉटमध्ये ८ घरे. एका घरामागे १५ मिनिटे (रस्ता ७ + गेट, लिफ्ट, सामान देणे ८). १५ × ८ = १२० मिनिटे. म्हणजे दोन तासांत बरोबर बसते.

आता प्रत्येक घरामागे फक्त ५ मिनिटे जास्त लागली असे समजू. १२० ÷ २० = ६. दोन तासांत सहाच घरे होतात.

- पहिला स्लॉट: ८ पैकी ६ घरे वेळेत, २ मागे राहिली.
- दुसरा स्लॉट: आधी मागची २, मग स्वतःची ४ वेळेत. ४ मागे राहिली.
- तिसरा स्लॉट: मागची ४, स्वतःची २ वेळेत. ६ मागे राहिली.
- चौथा स्लॉट: सगळा वेळ मागच्या ६ घरांतच गेला. स्वतःच्या ८ पैकी एकही घर वेळेत नाही!

एकूण ३२ घरांपैकी १२ जणांनाच सामान वेळेत मिळाले. उशीर घरामागे पाचच मिनिटांचा, पण तो साचत गेला. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण इथे उलटी लागू पडते!

यातून पालकांसाठी एक व्यवहारी धडा मिळतो: ज्या दिवशी वेळ पाळली जाणे फार गरजेचे असेल, त्या दिवशी पहिला स्लॉट निवडा. तोपर्यंत उशीर साचलेला नसतो.

धायरीत ही पाच मिनिटे कुठे जातात?

एक म्हणजे रस्ता. शहरातून धायरीकडे येणारी बरीचशी वाहतूक सिंहगड रस्त्यानेच येते. विठ्ठलवाडी ते फनटाइम थिएटर हा उड्डाणपूल १ मे २०२५ रोजी सुरू झाला, त्याने त्या टप्प्यात दिलासा मिळाला. पण धायरी फाट्यावरून आत वळल्यावर रस्ते अरुंदच आहेत. त्यात पावसाळ्यातला रविवार असेल तर खडकवासला आणि सिंहगडाकडे निघालेल्या गाड्यांची भर! सुट्टी म्हणून आपणही नेमका रविवारच निवडतो.

दुसरे कारण पत्त्याचे. धायरी हे मूळचे गाव. त्याचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला. मळे आणि वस्त्यांच्या जागी सोसायट्या झाल्या, पण पत्त्यात रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावे तशीच राहिली. एका नावाखाली कितीतरी इमारती येतात. ४११०४१ या पिनकोडमध्ये तर धायरीबरोबर वडगाव बुद्रुक आणि नऱ्हेही आहे. नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत पडली की पाच मिनिटे गेलीच म्हणून समजा.

तिसरे कारण आपल्या दारातले. गेटवर नोंद, फोन न उचलणे, 'सामानाची लिफ्ट वापरा' ही सूचना, सुट्टे पैसे. आणि चौथे म्हणजे महिन्याचा पहिला आठवडा. पगार सगळ्यांचे एकाच वेळी होतात, याद्याही एकाच वेळी निघतात. गणपती-दिवाळीच्या आधी तर विचारूच नका.

मग चूक कोणाची?

कारण समजले म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली असे नाही. रस्त्यावर गर्दी असते हे तिलाही माहीत आहे. तरीही टेंपोला पेलणार नाहीत इतकी घरे एका स्लॉटमध्ये घेतली तर तो दोष नियोजनाचा आहे. उशीर होतोय हे दिसत असताना ग्राहकाला न कळवणे हा दुसरा दोष. माणूस उशीर सोसतो. पण कधी येणार हेच न कळता ताटकळत बसणे त्याला सोसत नाही.

सामान आणणारा मुलगा मात्र स्लॉट ठरवत नाही, घरांची संख्या ठरवत नाही. त्याच्यावर ओरडून पुढच्या वेळचा टेंपो लवकर येत नाही. उलट घाई वाढली की सिग्नल तोडले जातात. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी झटपट सेवेच्या कंपन्यांना दहा मिनिटांची हमी सोडायला सांगितले आणि ब्लिंकिटने ती जाहिरात काढली, त्यामागे या मुलांच्या जिवाचीच काळजी होती.

दाद कुठे मागायची?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम इथे उपयोगी पडतात.

१. प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्यात तिचे निवारण करायचे.
२. सांगितलेल्या तारखेनंतर माल आला, तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. पूर-वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर मात्र हा नियम लागत नाही.
३. तिथे काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
४. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते.

दोन-तीन तासांच्या उशिरासाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पण लेखी तक्रार जरूर करावी. ऑर्डर क्रमांक, दिलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ आणि आपली मागणी, एवढे चार मुद्दे पुरेत. पत्रलेखन शिकवताना हाच विषय द्या.

जुनी वाट

घरपोच वाणसामान ही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने ते वेगळ्या रीतीने करून दाखवले. शेजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचे सामान एका ठिकाणी येते आणि सभासद ते वाटून घेतात. टेंपोला आठ ठिकाणी थांबावे लागत नाही. पाच मिनिटांचे गणित इथे बिघडायला जागाच कमी! एकाच सोसायटीतल्या चार-पाच घरांनी ठरवून एकाच स्लॉटमध्ये सामान मागवले, तरी याचा थोडा फायदा आजही मिळू शकेल.

वर्गासाठी उपक्रम

१. घरी आलेल्या पाच ऑर्डरची दिलेली वेळ आणि आलेली वेळ लिहा. सरासरी उशीर काढा.
२. वरच्या उदाहरणात प्रत्येक स्लॉटमध्ये ६ घरेच घेतली तर काय होईल?
३. नवख्या माणसाला एकही फोन न करता घर सापडेल असा आपल्या घराचा पत्ता खुणांसह लिहा.
४. सामान उशिरा आले आहे. दारातल्या दादाशी काय बोलाल आणि कंपनीला काय लिहाल? दोन्ही संवाद लिहा.

चौथा प्रश्न मुलांबरोबर घरातल्या मोठ्यांनीही सोडवावा, ही नम्र विनंती.