निकालावर बोलता येते का?



वर्धा जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांत काम करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : “कोर्टाने निकाल दिला, आता त्यावर काय बोलणार?” निकाल पाळावा लागतो, हे खरे. पण निकाल पाळणे वेगळे आणि तो योग्य आहे असे मानणे वेगळे. अंतिम निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा न्यायालयाचा अवमान नाही, असे न्यायालय अवमान कायदा, 1971 चे कलम 5 सांगते. अशी टीका काय घडवू शकते, हे आपल्याच विदर्भातील एका खटल्याने दाखवून दिले.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलगी अनाथ होती. भावाबरोबर मोलमजुरी करून राहत होती. वय 14 ते 16 च्या दरम्यान. आरोपी त्याच ठाण्यातील दोन पोलीस होते.

सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना सोडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे या खंडपीठाचे म्हणणे होते. वर्ध्याची अपिलेही याच खंडपीठापुढे जातात. पुढे 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, ही कारणे त्यात महत्त्वाची ठरली.

वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत फरक आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. गरीब, एकटी मुलगी रात्री ठाण्यात पोलिसांपुढे ओरडेल, अशी अपेक्षा न्यायाला धरून आहे का? हा प्रश्न देशभर पोहोचला. 8 मार्च 1980 रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

त्यातून 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे, असे ठरले. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. पीडितेची ओळख छापण्यासही मनाई झाली. म्हणूनच त्या मुलीचे नाव मी येथे लिहीत नाही.

तिच्या खटल्यातील आरोपींची सुटका मात्र कायम राहिली. कायदा सुधारला, पण तिला त्याचा लाभ मिळाला नाही. ही गोष्ट आपण विसरू नये.

मग आपण काय करावे? वस्तीतील कुटुंबावर अशी वेळ आली, तर त्यांना एकटे सोडू नका. तीन गोष्टी त्यांना जरूर सांगा. स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही; पोलिसांनी तिच्या राहत्या घरी जायचे असते. तक्रार नोंदवल्यावर तिची प्रत मोफत मिळते. आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

निकाल वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा कोण जिंकले एवढेच पाहून थांबू नका. न्यायालयाने कोणती कारणे दिली, तेही वाचा. ती पटली नाहीत, तर सभ्य शब्दांत तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.