थ्री-नॉट-थ्रीचे लाकूड

सरकारी खजिन्यावर पहारा देणाऱ्या शिपायाच्या खांद्यावर महाराष्ट्रातील लोकांनी जी थ्री-नॉट-थ्री रायफल पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, ती मूळची ब्रिटिश फौजेची ली-एन्फील्ड. आणि 1907 साली मंजूर झालेला तिचा मार्क तीन हा नमुना बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात दीर्घकाळ तयार होत असे. तिच्या नळीविषयी आणि बोल्टाच्या चपळाईविषयी पुष्कळ लिहिले गेले; परंतु तिचा नेम ज्यावर टिकतो, तो पोलाद आणि लाकूड यांचा सांधा आतल्या बाजूस असल्यामुळे सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

या रायफलीचा दस्ता एकसंध नाही. मागचा भाग, जो खांद्याला टेकतो, तो एका लांब बोल्टाने पोलादी बैठकीत आवळलेला असतो, आणि शिपायाच्या हाताच्या लांबीनुसार तो निरनिराळ्या मापांत मिळे. पुढच्या लाकडात मात्र नळी आणि बोल्टाचे घर ही दोन्ही बसतात, आणि खरे कसब तेथेच लागते. त्या लांब बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पत्रीत अडकलेले असते; म्हणून पुढचे लाकूड उतरविण्यापूर्वी जो अधीर मनुष्य मागचा दस्ता फिरवू पाहील, तो ते लाकूड फोडून ठेवील. जुन्या शस्त्रागारांतून हा क्रम कटाक्षाने पाळला जाई.

गोळी सुटताच पोलाद मागे रेटले जाते, आणि तो धक्का पुढच्या लाकडातील दोन खांदे पेलतात. दोन्ही खांदे सारखे टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसरा सुटा राहिला, तर सारा भार एका बाजूस येऊन लाकूड उभे चिरते. कारागीर धातूवर काजळी किंवा निळा रंग लावतो, तो लाकडात दाबून पाहतो आणि जेथे डाग उमटला तेथेच पटाशीने अगदी पातळ पापुद्रा काढतो. डाग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हे चालते, आणि घाईने काढलेला पापुद्रा परत चिकटविता येत नाही! दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्याने अक्रोडाऐवजी तेथील कोचवुड वापरले, तेव्हा ते खांदे तांब्याच्या पट्ट्यांनी मढवावे लागले.

घोड्याच्या संरक्षक पट्टीचा पुढचा स्क्रू एका लहान धातूच्या नळकांड्यातून जातो; तो किती आवळावा ही मर्यादा ते नळकांडे ठरविते. वर्षानुवर्षे लाकूड आकसले, की स्क्रू नळकांड्यावर घट्ट बसतो, हाताला मजबूत लागतो, आणि आतले लाकूड मात्र ढिलेच राहते. अशा वेळी नळकांड्याचे तोंड कानशीने किंचित उतरवावे लागते. स्क्रूवर जोर करून काही साधत नाही. याच्या पुढे, मुखाजवळ, एक स्प्रिंगवरची खुंटी नळीला हलकेच वर दाबून धरते. त्या दरम्यान लाकूड नळीला घासले, तर तापलेली नळी वाकडी ताणली जाऊन गोळ्या इकडेतिकडे जाऊ लागतात.

जवसाच्या कच्च्या तेलाने लाकूड चोळण्याचा शिरस्ता होता, कारण पावसाळी हवेत कोरडे लाकूड फुगते आणि साऱ्या मापांवर पाणी पडते. वार्निशाचा चकचकीत थर देखणा दिसत असेल, पण या रायफलीला तो शोभत नाही, आणि त्याचा उपयोगही थोडाच. संग्रहातील जुनी रायफल नेम चुकवू लागली की बहुतेक लोक नळीस दोष देतात. परवानाधारक शस्त्रकाराने तरी आधी पुढचे लाकूड उतरवून ते दोन खांदे तपासावेत.