साष्टीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचीं गांवें

सृष्टिसौंदर्य पाहावयाचें तर महाबळेश्वर किंवा माथेरान गांठलें पाहिजे, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. पालीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांची दृष्टि तर स्वभावतःच पश्चिमेकडे, समुद्राकडे असते. परंतु डोंगरीच्या टेकडीवर चढून समुद्राकडे पाठ करावी, म्हणजे खाडी, मिठागरें आणि भाईंदरच्या उंच इमारती यांच्या पलीकडे एक लांबच लांब निळसर रांग दिसते. हाच साष्टीचा डोंगर. मासेमारीहून परतणाऱ्या नाखव्याच्या तो चांगला ओळखीचा आहे. कारण पृथ्वी गोल असल्यामुळें किनारा दिसण्यापूर्वीच डोंगराचा माथा दिसूं लागतो.

सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून येथील खडक निर्माण झाला. या रांगेंतील सर्वांत उंच जागा जांभूळमाळ ही ४६८ मीटर, म्हणजे दीड हजार फुटांहून किंचित् अधिक. कळसूबाईच्या मानानें हा ठेंगणाच म्हणावयाचा. तथापि समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे प्रथम यालाच अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. उतारावर झाडी असेल तर पडलेलें पाणी पालापाचोळ्यांत व मुळांत अडून सावकाश जमिनींत मुरतें. झाडी नसेल तर तेंच पाणी माती घेऊन धांवत सुटतें.

पाणी धरून ठेवण्याची ही विद्या प्रथम कोणीं ओळखली, हें कान्हेरीस गेल्यावर समजतें. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनीं तेथें लेणीं कोरण्यास आरंभ केला व पुढें सुमारें हजार वर्षें ही वस्ती टिकली. लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. प्रवासी मोठा चैत्य आणि बुद्धाच्या भव्य मूर्ति पाहून परततात. पण माझ्या मतें विद्यार्थ्यांनीं तेथील पन्हळी आणि टांकीं अवश्य पाहावीं. या टांक्यांना तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलें आहे. खडकावरून ओघळणारें पावसाचें पाणी बारीक पन्हळींतून वळवून त्या लोकांनीं लेण्याच्या दारांतील टांक्यांत सांठविलें आणि उन्हाळ्याची सोय केली. पुढें इंग्रजी अमदानींत मुंबईला पाणी पुरविण्यासाठीं याच डोंगरांत १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव बांधण्यांत आले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकीं हे दोन आजही आहेत.

या डोंगराचें पाणी चोहोंकडे वांटलें जातें. चेण्याची नदी उत्तरेस वसईच्या खाडीला मिळते. मिठी नदी दक्षिणेस माहीमकडे जाते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां कोंडलेल्या या नदीनें काय केलें तें पालकांच्या स्मरणांत असेलच. दहिसर नदी तुळशी तलावापाशीं उगम पावून मनोरीच्या खाडींतून समुद्रास मिळते, म्हणजे आपल्या अगदीं शेजारीं! वनभोजनास गेलेली मंडळी नदीकांठीं ज्या पिशव्या टाकून येतात, आणि खालच्या वस्त्यांतून त्यांत जी भर पडते, तो सर्व केर याच वाटेनें समुद्रांत येतो. डोल जाळ्यांत बोंबलाबरोबर प्लास्टिक कां येतें, असें आपल्या घरीं कोणी विचारलें तर उत्तराचा एक भाग त्या डोंगरांत शोधावा लागेल.

पायथ्याचीं गांवेंही पाहण्यासारखीं आहेत. काशी, चेणे, घोडबंदर हीं आपल्या बाजूचीं. येऊर ठाण्याच्या बाजूचें. चेणे व येऊर येथें आणि रानांतील पाड्यांवर वारली लोकांची जुनी वस्ती आहे. कारवीच्या काठ्या एकमेकींस बांधून त्यांवर शेणमातीचा लेप द्यावयाचा, असा त्यांच्या घराचा कूड असतो. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलें आहे. त्यांतील अतिक्रमणें काढण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. रान वांचविणें अवश्य होतेंच. परंतु काल शहरांतून येऊन झोपडी घालणारा आणि उद्यान होण्यापूर्वीपासून पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणारा वारली, या दोघांना एकाच मापानें मोजणें मला न्यायाचें वाटत नाहीं. रानांतल्या जुन्या रहिवाशांस आपला हक्क मांडण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळाली आहे.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं भाईंदरहून आगगाडीनें बोरिवलीस उतरावें. उद्यानाचें दार स्टेशनाच्या पूर्वेस जवळच आहे. तेथून कान्हेरी सुमारें सहा किलोमीटर. सोमवारीं उद्यान बंद असतें. पावसाळा सरतांना गेल्यास ओढे वाहतांना दिसतील. उतारावरील माती धरून ठेवणारी कारवी मात्र दर आठ वर्षांनीं एकदांच फुलते आणि बीं धरून वाळून जाते. २०१६ व २०२४ सालीं ती फुलली होती. पुढचा जांभळा बहर २०३२ च्या सुमारास येईल.