बाविसावा धडा

अमराठी मंडळींसाठी मराठीचा वर्ग काढायचा ठरला आणि आम्ही तिघे मास्तर चहा घेऊन बसलो. सरांची यादी तयारच होती. सोप्याकडून अवघडाकडे: पहिला धडा ‘हा आंबा आहे’, भूतकाळ चौदावा, जर-तर बाविसावा. ही रचनाधिष्ठित पद्धत.

बाई म्हणाल्या, “सर, आंबा समोर दिसतोय. तो आंबा आहे, हे सांगायचं कुणाला? ‘मला एक डझन पाहिजेत’ आधी घ्या.”

“अहो, ‘मला’ म्हणजे चतुर्थी! पहिल्याच दिवशी?” सर कडाडले.

बाईंच्या पाठीशी डेव्हिड विल्किन्स होते. मागणं, नाकारणं, विचारणं अशा अर्थांवर अभ्यासक्रम बांधावा, हा विचार त्यांनी १९७६च्या पुस्तकात मांडला होता.

मी नुकतेच एन. एस. प्रभू वाचले होते. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रासकडच्या शाळांत इंग्रजी शिकवताना त्यांनी व्याकरणाची यादीच बाजूला ठेवली. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा. एक कोडं शिक्षकांनी वर्गासोबत सोडवायचं, तसंच दुसरं मुलांनी एकेकट्यानं. लक्ष उत्तराकडे; भाषा वाटेत गवसते. निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमलं, तर कोडं योग्य. हा हिशोब मात्र सरांनाही पटला.

शेवटी तडजोड झाली: सरांचा आंबा, बाईंचं डझन, माझं एसटीचं वेळापत्रक.

दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर प्रश्न लिहिला: दुपारी बाराच्या आत नाशिकला पोचायचं, तर पुण्याहून कोणती गाडी? वर्ग वेळापत्रकावर तुटून पडला. एवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीनं विचारलं, “आणि ही गाडी चुकला तर?”

पाहायला आलेले सर खडू घेऊन उठलेच. स्त्रीलिंगावर तासभर बोलायची त्यांची तयारी दिसत होती. मी नजरेनंच हात जोडले. त्यांनी आवंढा गिळला आणि एवढंच म्हणाले, “ही गाडी चुकली, तर पुढचीनं जा.”

“पण पुढची चुकली तर?” ती लगेच म्हणाली.

शिक्षक-खोलीत सर फाईल उघडून बसले होते. “जर-तर झालं की हो. बाविसाव्या धड्याचं आता काय करू?”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “अजून आंब्याला ती ‘ही’च म्हणते.”