एसक्यूलाइटची जोडणी आणि देवनागरी अंक

कुरखेडा तालुक्यात उन्हाळ्यात तेंदूपानांचे संकलन होते. ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असे महाराष्ट्रातील माप आहे. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा पानांची विक्री स्वतः करतात. साहजिकच मजुरीचा हिशेबही त्यांच्याकडे येतो. असा हिशेब एकाच संगणकावर ठेवावयाचा असल्यास स्वतंत्र सेवायंत्राचे कारण नाही. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले एसक्यूलाइट हे विदागार त्यास पुरेसे होय. त्याची सर्व सामग्री एकाच धारिकेत राहते. पायथन भाषेत त्याची जोडणी २००६ पासून अंगभूत असून ती करण्यास दोन ओळी लागतात.

अडचण जोडणीत नाही, तीमधून जाणाऱ्या मूल्यांत आहे. पडद्यावरील चौकटीत लिहिलेले सर्व काही आज्ञावलीस अक्षररूपानेच मिळते. इंग्रजी अंकांत लिहिलेले ७० पूर्णांकाच्या स्तंभात गेले, तर एसक्यूलाइट त्याचे संख्येत रूपांतर करते. तेच देवनागरी अंकांत लिहिले, तर ते अक्षरेच राहते, आणि विदागार तक्रारही करीत नाही! पुढे बेरीज करताना त्या नोंदीचे मूल्य शून्य धरले जाते. उलट, शंभराहून अधिक पुडकी कोणाची, असे विचारल्यास तीच नोंद उत्तरात येते, कारण एसक्यूलाइटच्या क्रमात अक्षरे प्रत्येक संख्येहून मोठी मानली जातात. संकलकाची दिवसभराची मजुरी अशा रीतीने निमूटपणे नाहीशी होऊ शकते.

यावर उपाय जोडणीच्या अलीकडेच करावा. पायथनचे 'इंट' हे फल देवनागरी अंक ओळखते. म्हणून मूल्य आधी त्यातून काढून मगच प्रश्नचिन्हाच्या जागी विदागाराकडे द्यावे. वाक्यात अक्षरे जोडून आदेश रचण्याची सवय सर्वथा त्याज्य होय. शिवाय २०२१ मधील ३.३७ या आवृत्तीपासून तक्ता 'स्ट्रिक्ट' म्हणून घोषित करता येतो. मग पूर्णांकाच्या स्तंभात अक्षरे स्वीकारलीच जात नाहीत. जुन्या आवृत्तीत हेच काम 'चेक' या अटीने साधते.

वीज गेल्यास काय, हा प्रश्नही रास्त आहे. पायथनमध्ये 'कमिट' झाल्यावाचून नोंद पक्की होत नाही. यास्तव दिवसअखेरीची वाट न पाहता प्रत्येक संकलकाची नोंद पुरी होताच ती आज्ञा द्यावी.