स्केटबोर्डवर कधीच पाय न ठेवलेल्यांनाही टोनी हॉकच्या गेमचं वेड का लागतं?

जुलै २०२५ मध्ये 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ३+४' हा व्हिडिओ गेम बाजारात आला. २००१ आणि २००२ मधले दोन जुने गेम नव्या ग्राफिक्ससह पुन्हा बनवलेले. तरीही त्यावरून चाहत्यांमध्ये चांगलाच वाद पेटला, आणि तोही एका घड्याळावरून. मूळ चौथ्या भागात खेळाडू हवा तेवढा वेळ मोकळा फिरू शकायचा. नव्या आवृत्तीत तिथेही दोन मिनिटांचं घड्याळ लावलं गेलं.

आता प्रश्न असा, की दोन मिनिटांच्या घड्याळावरून मोठी माणसं एवढी का भांडतात? हे समजून घेतलं की या गेमच्या वेडाचं कारणही समजतं.

आधी हा टोनी हॉक कोण?

टोनी हॉक हा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा स्केटबोर्डर. वयाच्या १४ व्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला. ८० च्या दशकात त्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. पण ९० चं दशक उजाडलं आणि स्केटबोर्डिंगची लाट ओसरली. स्पर्धा कमी झाल्या, तशी त्याची कमाईही आटली.

दशकाच्या शेवटी अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने स्केटबोर्डिंगवर गेम काढायचं ठरवलं. काम मिळालं नेव्हरसॉफ्ट या छोट्या स्टुडिओला. त्यांनी नुकताच हॉलिवूड अभिनेता ब्रूस विलिसला घेऊन 'अपोकॅलिप्स' नावाचा अ‍ॅक्शन गेम केला होता. तेच तंत्रज्ञान वापरून त्यांनी नमुना बनवला. त्यामुळे या गेममध्ये बोर्डवर सगळ्यात आधी उभा राहिला तो ब्रूस विलिस!

हॉकने नमुना खेळून पाहिला आणि तो तयार झाला. रॉयल्टीऐवजी एकरकमी ५ लाख डॉलर घेण्याचा पर्यायही त्याला दिला गेला होता. त्याने तो नाकारला. २७ जून १९९९ रोजी एक्स गेम्स स्पर्धेत त्याने हवेत अडीच गिरक्या घेऊन दाखवल्या. या ट्रिकला 'नाइन हंड्रेड' म्हणतात. त्यानंतर काही महिन्यांतच गेम प्लेस्टेशनवर आला. रॉयल्टीचा निर्णय किती बरोबर होता, हे पुढच्या विक्रीने दाखवून दिलं.

गेममध्ये नेमकं करायचं काय?

पहिल्याच लेव्हलमध्ये तुम्ही एका जुन्या गोदामात उतरता. हातात दोन मिनिटं असतात. तेवढ्यात ठरावीक गुण मिळवायचे, इकडेतिकडे विखुरलेली 'स्केट' या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरं गोळा करायची आणि लपवलेली एक व्हिडिओ टेप शोधायची. वेळ संपली की पुन्हा सुरुवात. सगळं एकाच फेरीत जमलं पाहिजे असंही नाही. आज अक्षरं, उद्या टेप.

कथा नाही, लांबलचक संवाद नाहीत. फेरी फसली तरी गेली किती, तर दोन मिनिटं. म्हणून 'एकदाच अजून' म्हणणं सोपं जातं, आणि त्या 'एकदाच अजून'मध्ये तास कधी निघून जातो ते कळत नाही.

खरी गंमत गुणांच्या हिशेबात आहे

समजा, तुम्ही उडी मारून बोर्ड पायाखाली फिरवला, रेलिंगवरून घसरत गेलात आणि शेवटी आणखी एक ट्रिक केली. तिन्हींचे मिळून १,००० गुण झाले. पण ट्रिक्स सलग होत्या, म्हणून बेरजेला तीनने गुणलं जातं. झाले ३,०००. चौथी ट्रिक जोडली तर त्या ट्रिकचे गुण मिळतातच, शिवाय आधीच्या हजाराचे चार हजार होतात. एकच ट्रिक पुन्हा पुन्हा केली तर मात्र तिची किंमत उतरत जाते.

अट एकच. हे गुण नीट जमिनीवर उतरल्याशिवाय खात्यात जमा होत नाहीत. मध्ये पडलात तर अख्ख्या साखळीचे शून्य.

कॅरम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. राणी घेतली म्हणून ती तुमची होत नाही. लगेच दुसरी सोंगटी घेऊन ती कव्हर करावी लागते, नाहीतर राणी परत मधोमध. टोनी हॉकच्या गेममध्ये प्रत्येक क्षणी अशी एक कव्हर न झालेली राणी हातात असते. आहे तेवढ्यावर थांबायचं की अजून एक ट्रिक जोडायची, हा निर्णय सेकंदाच्या आत घ्यायचा.

पुढच्या भागांनी हा मोह वाढवला. २००० च्या दुसऱ्या भागात 'मॅन्युअल' आलं, म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळत पुढे जाणं. त्यामुळे दोन ट्रिक्समधलं सपाट अंतरही साखळी न तोडता पार करता येऊ लागलं. तिसऱ्या भागातल्या 'रिव्हर्ट'मुळे रॅम्पवरून उतरतानाही साखळी टिकवता येऊ लागली. थांबायला निमित्तच उरलं नाही.

पडणं स्वस्त, पण चुटपुट खरी

खऱ्या स्केटबोर्डिंगमध्ये एकेक ट्रिक शिकायला महिने जातात. काँक्रीटवर पडलं की हाड मोडू शकतं. गेममध्ये पडलेला खेळाडू क्षणात उठतो. गेमने वेदना काढून टाकली, पण जमता जमता राहून गेल्याची चुटपुट मात्र तशीच ठेवली. खऱ्या स्केटबोर्डरला पुन्हा उठायला लावते ती हीच.

हे सूत्र बिघडलं की काय होतं, तेही दिसलं. २००९ मध्ये 'टोनी हॉक: राइड' आला. त्यात रिमोटऐवजी चक्क स्केटबोर्डच्या आकाराचा कंट्रोलर होता. त्यावर उभं राहून खेळायचं. कल्पना वास्तवाच्या जास्त जवळची होती, पण बोर्ड खेळाडूच्या हालचाली नीट ओळखत नाही, अशी टीका झाली आणि गेम आपटला. आपली चूक झाली म्हणून पडलो, तर माणूस पुन्हा खेळतो. मशीनच्या चुकीने पडलो, तर वैतागून उठतो.

वास्तवाच्या जवळ जाणं मुळातच चुकीचं आहे, असं मात्र नाही. २००७ च्या 'स्केट' या गेमने कंट्रोलरच्या काडीने पायांच्या हालचालींची नक्कल करायला लावली आणि त्यालाही चाहते मिळाले. तिथे एक साधी उडी नीट जमण्यातच आनंद होता.

मग घड्याळाच्या वादात बरोबर कोण?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. घड्याळ असलं की प्रत्येक सेकंदाला किंमत येते, साखळी वाढवायचा मोह होतो, हात घाईला येतात. घड्याळ काढलं की वेगळीच गंमत सुरू होते. माणूस जागा न्याहाळू लागतो. शाळेच्या पायऱ्या, बाक, भिंतीचा कठडा, प्रत्येक गोष्ट 'इथून जाता येईल का?' या नजरेने दिसू लागते. खरे स्केटबोर्डर शहराकडे याच नजरेने बघतात. चौथ्या भागावर वाढलेल्यांना हे निवांत भटकणं हवं होतं.

नव्या आवृत्तीत सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवता येते. पहिल्यांदाच खेळणार असाल तर आधी दोनच मिनिटं ठेवून बघा. दहाव्या फेरीनंतरही रिमोट खाली ठेवावासा वाटला नाही, तर मग वेळ वाढवा आणि जरा फिरून या.