इम्युनिटी किलोवर मिळते का?

करोनाच्या दिवसांत एक इंग्रजी शब्द आपल्या घराघरांत येऊन बसला. तो शब्द म्हणजे इम्युनिटी. काढा प्या, इम्युनिटी वाढते! दुकानातल्या पुड्यांवरही तेच छापलेलं. चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, ‘‘सर, इम्युनिटी किलोवर मिळते का हो?’’ सगळा वर्ग हसला. मला मात्र प्रश्न फार आवडला.

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. प्राचीन रोममध्ये ज्याला करातून किंवा सरकारी कामातून सूट मिळे, त्याला ‘इम्युनिस’ म्हणत. आपल्याकडे काही इनाम जमिनींना शेतसारा माफ असे ना, तशीच ही माफी. कायद्यात तो अर्थ आजही आहे. राष्ट्रपती पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. राज्यघटनेच्या ३६१ व्या कलमाने त्यांना दिलेली ही इम्युनिटीच. पुढे डॉक्टरांनी हा शब्द उचलला. एखाद्या रोगापासून शरीराला मिळालेली माफी, ती इम्युनिटी. मराठीत आपण तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतो.

पण ‘शक्ती’ म्हटलं की आपल्याला पैलवान आठवतो. गंमत अशी, की पैलवानालाही गोवर होऊ शकतो! चांगलं जेवण आणि पुरेशी झोप शरीराला हवीच. पण एखाद्या रोगापासून माफी मिळते ती मुख्यतः ओळखीमुळे. शेतातल्या जागल्याने चोराला एकदा नीट पाहिलं, की पुढच्या वेळी तो लांबूनच ओळखतो. पोलिओच्या थेंबांत पोलिओचेच विषाणू असतात, पण दुबळे केलेले. शरीर त्यांच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करतं आणि तो चेहरा लक्षात ठेवतं. मात्र पोलिओची ओळख गोवराला चालत नाही. म्हणून प्रत्येक रोगाची लस वेगळी.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बाळांना पोलिओच्या थेंबांऐवजी चुकून सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बाळांना यवतमाळच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. नशीब, सगळी बरी झाली.

दोन्ही बाटल्या जंतूंविरुद्धच्याच. मग फरक काय? सॅनिटायझर हातावरचे जंतू मारतं, पण शरीराला काहीच शिकवत नाही. पोटात गेलं तर अपायच करतं. लस मात्र शरीराला शिकवते.

त्यानंतर एक आजी मला म्हणाल्या, ‘‘माह्या नातवाले आता थेंब नाही पाजत मी, बाप्पा!’’ त्यांची भीती खोटी नव्हती. पण चूक माणसाची होती, लसीची नव्हती. १९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मूळ पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. शेजारच्या पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात मात्र हा विषाणू अजून आहे. आपण थेंब सोडले, तर तो परत यायला वेळ लागणार नाही.

मग आजीला काय सांगाल? म्हणा, ‘‘आजी, थेंब पाजू, पण बाटली पाहून!’’ पोलिओच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तर लस चांगली. उष्णता लागून तो गोलाइतका गडद झाला, तर ती लस वापरत नाहीत. सॅनिटायझरच्या बाटलीवर अशी खूण नसतेच!

येत्या पोलिओ रविवारी धाकट्या भावंडाला बूथवर घेऊन जा आणि ताईंना म्हणा, ‘‘ताई, बाटली दाखवता का?’’ त्या नक्की दाखवतील.